पन्हाळ्याच्या उतारावर कडक झालेले पेडल

बाबांना पन्हाळा पुन्हा एकदा पाहायचा होता, म्हणून रविवार, १२ जानेवारी २०२५ रोजी आम्ही चौघे, म्हणजे बाबा, माझे पती, मुलगी आणि मी, सकाळीच निघालो. गाडी मीच चालवत होते. ही सात आसनी, डिझेलवर चालणारी, ऑटोमॅटिक गिअरची मोठी एसयूव्ही आम्ही मार्च २०२३ मध्ये घेतली आणि तोपर्यंत ती ३१,००० किलोमीटर चालली होती. तीन दरवाजा आणि सज्जाकोठी पाहून, झुणका-भाकरी खाऊन साडेचारच्या सुमारास आम्ही उतरायला लागलो. वाघबीळ मागे टाकून केर्लीकडे येताना उतारावर पुढे ऊस भरलेला ट्रॅक्टर होता, मागे दोन ट्रॉल्या. वेग कमी करण्यासाठी मी ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल खाली गेलेच नाही. पायाखाली दगड यावा तसे ते जागच्या जागी घट्ट झाले होते.

इंजिन चालू होते, डॅशबोर्डवर एकही दिवा लागलेला नव्हता, आणि दोन टनांहून जड गाडी आपल्या वजनाने पुढे सरकत होती. मी गिअर मॅन्युअलवर घेऊन एकेक करत खाली आणला, आसनाला पाठ रेटून दोन्ही पायांनी पेडल दाबले आणि ते तसेच दाबून धरले. गाडी थांबली तेव्हा शेवटच्या ट्रॉलीच्या मागे बांधलेले लाल फडके आणि बाहेर लोंबणारी उसाची वाढे बॉनेटच्या इतकी जवळ होती, की त्या फडक्याची उसवलेली किनार मला काचेतून दिसत होती. ट्रॅक्टरवाल्याला मागे काय झाले ते कळलेही नाही. तो पुढे निघून गेला. बाबा मागच्या आसनावरून फक्त एवढेच म्हणाले, "बाळ, आधी गाडी कडेला घे."

हे मी लिहिते आहे ते पुढच्या दहा महिन्यांत काय काय करावे लागले ते सांगण्यासाठी. मी व्यवसायाने लेखापाल आहे, त्यामुळे कागद जपून ठेवण्याची सवय होती. तरीही सुरुवातीला माझ्याकडून चुका झाल्याच, आणि त्याही सांगते.

त्या दिवशी दोन गोष्टी नकळत बरोबर घडल्या. एक, मी पेडलवर पाय पुन्हापुन्हा मारला नाही. पेडल मऊ पडून खाली जात असेल तर ते भराभर दाबल्याने काही वेळा दाब परत मिळतो, पण पेडल कडक झाले असेल तर प्रत्येक दाबासरशी सर्व्होमध्ये, म्हणजे पायाचा जोर वाढवून ब्रेकला देणाऱ्या भागात, उरलेली निर्वाताची (व्हॅक्यूमची) शक्तीही संपत जाते, म्हणून एकदाच पूर्ण जोर लावून पेडल धरून ठेवायचे असते. दुसरे, मी इंजिन बंद केले नाही आणि गिअर न्यूट्रलला टाकला नाही. हे दोन्ही मला नंतर समजले. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेकचे बटण ओढून धरले तर तोही गाडी थांबवायला मदत करतो, हे मात्र त्या क्षणी आठवले नाही.

रोडसाइड असिस्टन्सला फोन केला तेव्हा ४ वाजून ५२ मिनिटे झाली होती आणि गाडी उचलून नेणारा ट्रक साडेसातला पोहोचला. तेवढ्या वेळात पतींनी ओडोमीटर, डॅशबोर्ड, रस्त्यावरची जागा आणि टायर यांची छायाचित्रे काढून ठेवली. पुढे ती फार उपयोगी पडली, कारण छायाचित्रात तारीख-वेळ नोंदलेली असते आणि तक्रार नोंदल्याचा संदेशही फोनवर राहतो. तो संदेश पुसू नये.

सोमवारी, १३ तारखेला सर्व्हिस सेंटरमध्ये गेले. सर्व्हिस ॲडव्हायझरने माझे सगळे ऐकून घेतले आणि जॉब कार्डवर दोन शब्द लिहिले: "ब्रेक चेकअप". मी ते वाचले आणि सही केली. माझी पहिली आणि सर्वांत महागात पडलेली चूक हीच. तीन दिवसांनी, १६ जानेवारीला, गाडी परत मिळाली तेव्हा कागदावर "दोष आढळला नाही" असे होते. ब्रेक पॅड साफ केल्याचे २,३६० रुपये लावले होते. मॅडम, पेडल पूर्ण दाबले गेले नसेल, पायाखाली मॅट आली असेल, असे मला सांगण्यात आले. मॅट आलेली नव्हती, पण माझ्या म्हणण्याला आधार देईल असे एक वाक्यही मी स्वतः सही केलेल्या कागदावर नव्हते.

दुसऱ्यांदा हेच घडले ते ९ फेब्रुवारीला, पुन्हा रविवारीच, बिंदू चौकाजवळ. अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्यांची गर्दी होती आणि अर्धा तास गाडी मुंगीच्या पावलाने सरकत होती. वेग जेमतेम पाच-सात किलोमीटर असेल. पेडल पुन्हा कडक झाले. या वेळी मी हँडब्रेक ओढला आणि गाडी पुढच्या दुचाकीपासून हातभर अंतरावर थांबली. दुचाकीवर एक बाई आणि तिच्या मागे शाळकरी मुलगा होता. त्या मुलाने मागे वळून पाहिले, तो चेहरा मी अजून विसरलेले नाही. पन्हाळ्याच्या प्रसंगानंतर भीती वाटली होती. या प्रसंगानंतर मात्र निश्चय झाला, कारण धोका आता फक्त माझ्या घरच्यांना नव्हता.

दुसऱ्या दिवशी जॉब कार्ड उघडताना मी ॲडव्हायझरला थांबवले आणि माझे वाक्य जसेच्या तसे लिहायला लावले: "गाडी चालू असताना, इंजिन गरम असताना, ब्रेक पेडल अचानक कडक झाले. सर्व्होची मदत मिळाली नाही. दिवा लागला नाही. हा प्रकार १२ जानेवारी आणि ९ फेब्रुवारी असा दोनदा घडला." संगणकात इतकी अक्षरे बसत नाहीत असे उत्तर मिळाले, म्हणून छापील प्रतीवर हाताने लिहून घेतले, त्याखाली दोघांच्या सह्या घेतल्या आणि फोटो काढला. या वेळी ब्रेक ऑइल बदलले, १,७७० रुपये घेतले, आणि पुन्हा "दोष आढळला नाही".

त्या दिवशी सर्व्हिस सेंटरच्या प्रतीक्षा कक्षात जयसिंगपूरचे एक गृहस्थ बसले होते. त्यांच्याकडेही याच मॉडेलची गाडी होती. सहज विचारले तर त्यांनी खिशातून घडी घातलेले जॉब कार्ड काढले. त्यावर "ब्रेक चेकअप" हेच दोन शब्द होते. त्यांची गाडी अंबा घाट उतरताना अशीच वागली होती, आणि पेडल नीट दाबले नसेल असेच त्यांनाही सांगितले गेले होते. ते तीस वर्षे ट्रक चालवून मग स्वतःचा वाहतुकीचा धंदा उभा केलेले गृहस्थ होते. पेडल कसे दाबायचे हे त्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. त्यांच्या ओळखीने सांगलीचे आणि इचलकरंजीचे असे आणखी दोन मालक सापडले. चौघांच्या हकिकतीत एक गोष्ट समान होती: इंजिन चांगले तापलेले, वेग कमी, आणि ब्रेक वारंवार वापरावा लागणारा.

ही समान गोष्ट किती महत्त्वाची आहे ते मला उद्यमनगरात समजले. तिथे बाबांच्या ओळखीचे एक जुने मिस्त्री आहेत. गाडी वॉरंटीत असल्याने काहीही उघडायचे नाही, फक्त तपासायचे, असे मी आधीच सांगितले आणि त्यांनी ते मानले. त्यांनी आधी मलाच एक चाचणी करायला लावली. "ताई, इंजिन बंद करा आणि पाच-सहा बार पेडल दाबा. कडक झालं न्हवं? आता पाय तसाच दाबून ठेवून गाडी चालू करा. पेडल जरासं खाली गेलं पायजे." सकाळी, थंड इंजिनावर, पेडल खाली गेले. मग त्यांनी मला गाडी घेऊन कागलपर्यंत जाऊन यायला सांगितले. परत आल्यावर हीच चाचणी केली तर पेडल जागचे हलले नाही, आणि हलले तेही बऱ्याच वेळाने. शेवटी त्यांनी सर्व्होकडे जाणाऱ्या नळीला व्हॅक्यूमचे मीटर लावले. काटा २० इंचांच्या वर जायला हवा होता (निर्वात पाऱ्याच्या इंचांत मोजतात). गरम इंजिन मंद चालत असताना तो १२ च्या आसपास रेंगाळत होता.

कारण त्यांनी अगदी सोप्या शब्दांत सांगितले. पेट्रोल इंजिनाच्या शोषणमार्गात निर्वात आपोआप तयार होतो, डिझेल इंजिनात तसा होत नाही, म्हणून डिझेल गाडीला इंजिनावर चालणारा वेगळा व्हॅक्यूम पंप द्यावा लागतो. हा पंप सर्व्होमधली हवा ओढून घेतो आणि त्या जोरावर आपल्या पायाचा दाब कितीतरी पटींनी वाढून मास्टर सिलिंडरला, म्हणजे ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या भागाला, पोहोचतो. पंप थकला, त्याच्या तेलाच्या वाटेत गाळ साचला, नळीला चीर गेली किंवा नळीतला एकमार्गी व्हॉल्व्ह गळू लागला, तर ब्रेकची चाके-पॅड-ऑइल ही सगळी यंत्रणा ठणठणीत असूनही पायाला मदत मिळत नाही. गरम तेल पातळ होते, इंजिन मंद चालत असताना पंपही मंद चालतो, आणि उतारावर किंवा गर्दीत आपण ब्रेक पुन्हापुन्हा वापरतो. थकलेल्या पंपाला भरपाई करता येत नाही ती याच वेळी. वर्कशॉपमध्ये थंड गाडी दोन फेऱ्या मारून आणली तर हा दोष दिसणारच नाही. आमच्या मॉडेलमध्ये निर्वात मोजणारा सेन्सर नव्हता, त्यामुळे स्कॅनरलाही काही सापडत नव्हते. मिस्त्रींनी तीनशे रुपये घेतले. मीटरच्या काट्याचे चित्रीकरण मी करून ठेवले.

रात्री वाचत बसले तेव्हा कळले की हा दोष जगाला नवा नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सने २०१४ ते २०१८ या वर्षांतले सुमारे ३४ लाख ६० हजार पिकअप ट्रक आणि मोठ्या एसयूव्ही याच कारणासाठी परत बोलावल्या होत्या. व्हॅक्यूम पंपाची क्षमता काळानुसार घटते आणि ब्रेकला जास्त जोर लावावा लागतो, असे त्यात म्हटले होते, आणि उपाय म्हणून ब्रेक नियंत्रित करणाऱ्या संगणकाची आज्ञावली बदलून दिली होती. माझ्या गाडीचा त्या कंपनीशी काही संबंध नाही. तरीही ते सरकारी कागद मी छापून घेतले, कारण "असे होऊच शकत नाही" या वाक्याला त्यांत उत्तर होते.

१७ फेब्रुवारीला कंपनीच्या ग्राहक सेवेला सविस्तर ईमेल पाठवला. त्याच दिवशी तक्रार क्रमांक मिळाला, आणि पुढे तीन आठवडे दर सोमवारी "आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे" एवढेच उत्तर येत राहिले. फोनवर जे बोलणे होई ते मी त्याच संध्याकाळी ईमेलने लिहून पाठवत असे: आज अमुक वाजता आपण मला असे सांगितलेत, यात चूक असल्यास कळवावे. एकदाही कोणी चूक आहे असे कळवले नाही.

२२ फेब्रुवारीला परिवहन मंत्रालयाच्या वाहन पोर्टलवर, गाड्या परत बोलावण्याच्या तक्रारींसाठी असलेल्या भागात, नोंद केली. ही सोय फार थोड्या लोकांना ठाऊक आहे, म्हणून जरा विस्ताराने सांगते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने सदोष गाड्या परत बोलावण्याची तरतूद आली आणि तिचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. त्यानुसार सात वर्षांपेक्षा कमी जुन्या गाडीच्या मालकाला सुरक्षिततेशी संबंधित दोष नोंदवता येतो. एकाच मॉडेलच्या तक्रारी ठरावीक संख्येपलीकडे गेल्या की सरकार चौकशी करून कंपनीला गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. एका तक्रारीने लगेच काही घडत नाही, हे खरे आहे. पण आपल्यासारखा प्रत्येक मालक सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच थांबला तर ती संख्या कधीच भरणार नाही. आम्ही चौघा मालकांनीही नोंद केली. खर्च शून्य, वेळ वीस मिनिटे.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही तक्रार दिली. तिथल्या कर्मचाऱ्याने शांतपणे सगळे लिहून घेतले आणि तक्रार कंपनीकडे पाठवली. कंपनीने उत्तर दिले: तपासणीत दोष आढळला नाही. मन खचले ते या टप्प्यावर. गाडी दारात उभी होती, हप्ता दरमहा जात होता, मुलीला शिकवणीला रिक्षाने पाठवत होते आणि ओळखीचे लोक सांगत होते की विकून टाका. दोष माहीत असताना ती गाडी दुसऱ्याच्या गळ्यात मारायची, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती.

१० मार्चला वकिलांमार्फत नोटीस पाठवली. विक्रेता आणि उत्पादक या दोघांनाही, पोचपावतीसह रजिस्टर पोस्टाने, पंधरा दिवसांची मुदत देऊन. वकिलांचे तीन हजार रुपये झाले. नोटिशीला मी दोन्ही जॉब कार्डे, छायाचित्रे, मीटरच्या चित्रीकरणातील चित्रे आणि बाकी तिघा मालकांची सही केलेली निवेदने जोडली. वकिलांचे मत होते की एका गाडीचा दोष नाकारता येतो, चार गाड्यांचा सारखा दोष नाकारणे अवघड जाते. तसेच झाले. २४ मार्चला पुण्याहून फोन आला आणि ३ एप्रिलला कंपनीचे फील्ड इंजिनिअर कोल्हापुरात आले.

मी त्यांना एकच विनंती केली: गाडी थंड असताना तपासू नका, माझ्याबरोबर पन्हाळ्याला चला. ते तयार झाले. ऊन कडक होते. वर जाऊन, गाडी बंद न करता, आम्ही लगेच परत फिरलो आणि या वेळी स्टिअरिंगवर ते होते. वाघबीळच्या खाली, दुसऱ्या वळणानंतर, मी त्यांच्या पोटरीचा स्नायू ताठ झालेला पाहिला. त्यांनी काही न बोलता गिअर खाली घेतला, गाडी डाव्या अंगाला नेऊन थांबवली आणि थोडा वेळ दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिले. मग म्हणाले, "मॅडम, मी हे लिहून देतो." त्या एका वाक्यासाठी मी ऐंशी दिवस वाट पाहिली होती. त्या तरुणाचा प्रामाणिकपणा मी कधीही विसरणार नाही.

१५ एप्रिलला व्हॅक्यूम पंप, नळी आणि एकमार्गी व्हॉल्व्ह वॉरंटीतून बदलून मिळाले. कागदावर आधी "सदिच्छा म्हणून बदल" असे होते. मी ते स्वीकारले नाही. बदललेल्या प्रत्येक भागाचा क्रमांक आणि बदलण्याचे कारण लिहून मिळेपर्यंत, म्हणजे दुपारी चारपर्यंत, तिथेच बसून राहिले. सदिच्छेने दिलेल्या वस्तूला दोषाची नोंद राहत नाही, आणि सहा महिन्यांनी तेच पुन्हा घडले तर आपण पुन्हा पहिल्या पायरीवर येतो.

गाडी दुरुस्त झाली तरी ग्राहक आयोगात जायचे आम्ही ठरवले. नवा पंप त्याच बनावटीचा होता आणि मूळ वॉरंटी मार्च २०२६ मध्ये संपणार होती. ५ मे रोजी ई-जागृती पोर्टलवर तक्रार दाखल केली. जानेवारी २०२५ पासून ग्राहक आयोगांचे ऑनलाइन कामकाज या पोर्टलवर आले आहे. गाडीचे बिल २१ लाख ८५ हजारांचे होते. मोबदला, म्हणजे वस्तूसाठी आपण मोजलेली किंमत, ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते आणि २० ते ५० लाखांच्या टप्प्यासाठी शुल्क १,००० रुपये आहे. कंपनीचे मुख्य कार्यालय कुठेही असले तरी तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार देता येते, ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिलेली मोठी सोय आहे, नाहीतर आमच्यासारख्यांना दुसऱ्या शहरात खेटे घालावे लागले असते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार द्यावी लागते. वकील सक्तीचा नाही. मी मसुदा स्वतः केला आणि वकिलांकडून तपासून घेतला. कागद अपलोड करताना फाइल फार मोठी झाल्याने दोनदा नाकारली गेली. पानांना क्रमांक घालून, अनुक्रमणिका करून, काळ्या-पांढऱ्या रंगात स्कॅन केल्यावर ती स्वीकारली गेली.

१८ जूनला तक्रार दाखल करून घेतली गेली आणि समोरच्यांना नोटिसा निघाल्या. लेखी म्हणणे देण्यासाठी कायद्याने त्यांना ३० दिवस आणि वाढवून आणखी १५ दिवस मिळतात. त्यांनी ते सगळे घेतले. कायद्यात तीन महिन्यांची, आणि वस्तूची तपासणी लागली तर पाच महिन्यांची अपेक्षा लिहिलेली आहे. प्रत्यक्षात तारखा पुढे जातात, याची मनाची तयारी ठेवावी. ऑगस्टमध्ये आयोगाने मध्यस्थीचा पर्याय सुचवला आणि दोन्ही बाजूंनी होकार दिला.

मध्यस्थीच्या तीन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीत ब्रेक यंत्रणेवर पाच वर्षांची वाढीव वॉरंटी, जॉब कार्डांवर घेतलेले ४,१३० रुपये परत, आणि वकील, रिक्षा, रजा या सगळ्यांपोटी ४०,००० रुपये असे ठरले. मसुद्यात मात्र एक कलम होते: तक्रारदार वाहन पोर्टलवरील नोंद मागे घेईल आणि याबाबत कोठेही वाच्यता करणार नाही. पतींनी माझ्याकडे पाहिले. घरी आधीच बोलणे झाले होते. मी मध्यस्थांना सांगितले की पैसे कमी द्या, हवे तर देऊ नका, पण हे कलम राहणार नाही, कारण त्या नोंदीवर माझ्या एकटीचा हक्क नाही. अर्धा तास आम्हाला बाहेर बसवले. परत बोलावले तेव्हा ते कलम गेले होते आणि रक्कम ४०,००० वरून २५,००० झाली होती. कंपनीचे आणि विक्रेत्याचे नाव मी कोठे छापणार नाही, एवढे मी मान्य केले आणि ते इथेही पाळते आहे. २० नोव्हेंबर २०२५ रोजी तडजोडीवर सह्या झाल्या.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी गाडी गरम करून मिस्त्रींनी शिकवलेली पेडलची चाचणी करते आणि निकाल वहीत लिहिते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, त्यामुळे ते दर दोन वर्षांनी बदलायचे, हीदेखील तारीख त्याच वहीत आहे.

जयसिंगपूरच्या त्या गृहस्थांचा पंप ९ डिसेंबरला बदलला गेला. संध्याकाळी त्यांनी जॉब कार्डाचा फोटो पाठवला. "ब्रेक चेकअप" हे शब्द खोडून त्याखाली त्यांच्या जाड, वळणदार अक्षरात चार ओळी लिहिल्या होत्या: कुठला घाट, किती वाजता, पेडल कसे झाले, दिवा लागला की नाही. खाली दोन सह्या होत्या.